हरित ऑफिस इमारतीचा हिशेब: पहिल्यांदाच बांधणाऱ्या मालकासाठी

बाणेर, खराडी, ठाणे किंवा नाशिकच्या गंगापूर रोडवर स्वतःची जागा आहे, तिथे ऑफिसची इमारत बांधून भाड्याने द्यायची आहे, असे मालक अलीकडे बरेच भेटतात. आर्किटेक्टबरोबरच्या पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच ‘ग्रीन करायची का?’ हा प्रश्न निघतो. कन्सल्टंट बचतीचे टक्के सांगतो, कंत्राटदार जादा खर्चाचे टक्के सांगतो, आणि मालक दोघांच्या मध्ये अडकतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. कमी वीज आणि कमी पाणी लागणारी इमारत बांधावी असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच तिचे पैशाचे गणित पक्के असायला हवे. ज्या इमारतीचे गणित जुळत नाही तिची यंत्रे तिसऱ्या-चौथ्या वर्षी बंद पडतात आणि दारावरची पाटी तेवढी उरते.

सगळ्या गणिताच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: जादा पैसे कोण घालतो, आणि बचत कोणाच्या पदरात पडते? तुम्ही स्वतःच्या कंपनीसाठी बांधत असाल तर दोन्ही खिसे तुमचेच. भाड्याने देणार असाल तर काच, चिलर (एसीसाठी पाणी गार करणारे यंत्र), पंप तुम्ही घेता आणि विजेचे बिल भाडेकरू भरतो. ही गाठ सोडवली नाही तर बाकी सगळी तांत्रिक चर्चा वाया जाते.

उदाहरणासाठी एक काल्पनिक इमारत धरूया. पुण्याच्या पश्चिम भागात, 50,000 चौरस फूट भाड्याने देण्याजोगी. भाडे महिन्याला चौरस फुटाला 75 रुपये. वीज सगळे आकार धरून युनिटला 14 रुपये. हे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. वाचताना शेजारी तुमचे आकडे लिहीत चला.

पायरी 1: विजेचे बिल वाचायला शिका

नवीन इमारत असेल तर आसपासच्या तेवढ्याच आकाराच्या ऑफिसची बारा महिन्यांची बिले मिळवा. ओळखीचा मालक किंवा फॅसिलिटी मॅनेजर सहसा नाही म्हणत नाही. जुनी इमारत असेल तर बिले तुमच्याच फायलीत आहेत.

बिलात वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा ओळी असतात. उच्चदाब ग्राहकाच्या बिलात सगळ्यात आधी मागणी आकाराची ओळ बघा. त्या महिन्यात इमारतीने एकाच वेळी जास्तीत जास्त किती केव्हीए (विजेच्या भाराचे माप) ओढले, त्यावर हा आकार बसतो. इमारत रिकामी असली तरी कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा, म्हणजे वीज कंपनीकडून मंजूर करून घेतलेल्या कमाल भाराचा, ठरावीक टक्का भरावाच लागतो. म्हणजे एप्रिलमधल्या दुपारी तीन वाजता जो कमाल भार येतो, त्याच्या तयारीचे पैसे तुम्ही डिसेंबरमध्येही मोजता. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे ओढलेल्या एकूण विजेवर, बिल येते, त्यामुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी आलेला हिस्सा) ढासळला की युनिटचा आकडाच फुगतो. तो सुधारणारे कपॅसिटर पॅनेल नीट चालते की नाही हे बघणे ही सर्वांत स्वस्त सुधारणा.

आता वर्षाचे एकूण युनिट भागिले वापरातले बांधीव क्षेत्र, चौरस मीटरमध्ये, पार्किंग वगळून. भाड्याच्या क्षेत्रात लोडिंग, म्हणजे कॉमन जागेचा हिस्सा, मिसळलेले असते, तो आकडा इथे घेऊ नका. उदाहरणाच्या सोयीसाठी मी मात्र 50,000 चौरस फूट म्हणजे सुमारे 4,645 चौरस मीटर तेच धरतो. वापर 9 लाख युनिट असेल तर उत्तर येते 194. हा इमारतीचा ऊर्जा निर्देशांक. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या, म्हणजे बीईईच्या, ऑफिस इमारतींच्या मूळ स्टार तक्त्यात उष्ण-दमट हवामानातल्या वातानुकूलित इमारतीला 200 ते 175 मध्ये एक स्टार मिळतो आणि 100 च्या खाली पाच. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कॉल सेंटरची तुलना सकाळी नऊ ते सहा चालणाऱ्या ऑफिसशी करू नका. बीईईसुद्धा त्यांना वेगळ्या मापाने मोजते.

आपल्या इमारतीचे वर्षाचे बिल झाले 1 कोटी 26 लाख. चौरस फुटाला महिन्याला 21 रुपये. भाडे 75 आणि वीज 21, म्हणजे भाड्याच्या पाव हिश्शाहून जास्त. बऱ्याच मालकांनी हा आकडा कधी मांडलेलाच नसतो, कारण बिल त्यांच्या टेबलावर येत नाही.

पायरी 2: खिसे वेगळे करा

कागदावर दोन रकाने आखा: मालक आणि भाडेकरू. प्रत्येक सुधारणेसमोर खर्च कोणत्या रकान्यात आणि बचत कोणत्या रकान्यात हे लिहा.

बेअर शेल, म्हणजे आतली कामे न केलेली जागा, दिली तर एसी, दिवे, फॉल्स सीलिंग सगळे भाडेकरूचे आणि मीटरही त्याचा. इथे मालकाच्या हातात फक्त भिंती, काच, गच्ची, लिफ्ट, पंप आणि कॉमन जागेचे दिवे असतात. चांगल्या काचेचा खर्च मालकाचा, आणि तिच्यामुळे वाचलेली एसीची वीज पूर्णपणे भाडेकरूची. वॉर्म शेलमध्ये, म्हणजे काही मूळ सोयींसह दिलेल्या जागेत, सेंट्रल चिलर मालकाचा असतो आणि थंड पाण्याचा वापर बीटीयू मीटर (थंडावा मोजणारा मीटर) लावून किंवा मेंटेनन्समध्ये घालून वसूल होतो. मेंटेनन्स ठोक दराने घेत असाल तर वाचलेली वीज तुमची. प्रत्यक्ष खर्चावर ठरावीक टक्का लावून घेत असाल तर वीज वाचली की तुमचाही टक्का घटतो. ही शेवटची पद्धत फार प्रचलित आहे, आणि बचतीच्या सगळ्यात जास्त आड तीच येते.

पायरी 3: आधी भार कमी करा, यंत्र नंतर घ्या

दुपारी साडेतीनला हिंजवडी किंवा बाणेर रस्त्यावरून जाताना पश्चिमेकडे तोंड केलेल्या काचेच्या इमारतींकडे बघा. जमिनीपासून छतापर्यंत काच, आतून सगळ्या ब्लाइंड खाली ओढलेल्या, आणि ब्लाइंडच्या फटींतून दिसणारे पेटलेले दिवे. उजेडासाठी काचेचे पैसे मोजले, ऊन टोचते म्हणून पडद्याचे मोजले, अंधार झाला म्हणून दिव्यांचे मोजले, आणि काचेतून आत आलेली उष्णता बाहेर काढायला एसीचे. पडदा काचेच्या आत असल्यामुळे उष्णता आत येऊन गेलेलीच असते. चार वेळा पैसे गेले आणि खिडकीजवळच्या माणसाला तरी गरम होतेच.

म्हणून पहिला निर्णय काचेच्या क्षेत्राचा. 2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत, म्हणजे ईसीबीसीत, बाह्य भिंतीच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त खिडकी नको असे आहे. काचेतून उन्हाची किती उष्णता आत येते याचे माप, एसएचजीसी, आपल्यासारख्या उष्ण भागांत उत्तर सोडून इतर दिशांना 0.27 पर्यंतच चालते. कमी काच म्हणजे आधी खर्चात कपात, कारण स्ट्रक्चरल ग्लेझिंग, म्हणजे काचेची बाह्य भिंत, ही एएसी ब्लॉकच्या (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंतीपेक्षा बरीच महाग. वाचलेल्या पैशातून उरलेली काच चांगली घ्या आणि पश्चिमेला बाहेरून आडोसा द्या. लिफ्ट, जिना, टॉयलेट पश्चिमेला टाकता आले तर त्याला एक रुपयाही जादा लागत नाही. हे नकाशा कागदावर असतानाच होते. प्लिंथ झाल्यावर फार उशीर झालेला असतो.

भार घटला की यंत्रे लहान होतात. समजा दोनशे टनांचा एसी लागणार होता तो दीडशेवर आला, तर चिलर, पंप, पाइप, केबल, ट्रान्सफॉर्मर, डीजी सेट आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांड सगळेच खाली येते. काचेवर घातलेला पैसा इथे बराचसा परत मिळतो, इमारत सुरू होण्याच्या आधीच.

याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे. 2009 मध्ये तिथे ऊर्जा-सुधारणेचे काम जाहीर झाले. सुमारे साडेसहा हजार खिडक्या काढून, इमारतीतच एका मजल्यावर छोटा कारखाना थाटून, त्याच काचा वापरून त्या सुधारून परत बसवल्या. रेडिएटरमागे इन्सुलेशन घातले, दिवे बदलले. भार इतका उतरला की चिलर बदलून मोठे घेण्याची गरज उरली नाही, जुनेच दुरुस्त करून चालले आणि त्यातच 1 कोटी 70 लाख डॉलरहून अधिक खर्च टळला. ऊर्जेवरचा जादा खर्च सुमारे 1 कोटी 32 लाख डॉलर आणि अपेक्षित वार्षिक बचत 44 लाख डॉलर. परतफेड तीन वर्षांत. यातली एकेक वस्तू सुटी तपासली असती तर खिडक्यांचे काम कदाचित नामंजूर झाले असते. सगळे एकत्र मांडले म्हणून चिलरचा टळलेला खर्च खिडक्यांच्या खात्यात जमा करता आला.

आपल्याकडचे उदाहरण मला त्याहून जास्त आवडते. इन्फोसिसने हैदराबादच्या कॅम्पसमध्ये 2011 मध्ये एक इमारत दोन सारख्या भागांत बांधली. एका अर्ध्यात नेहमीचा, पण उत्तम दर्जाचा, हवेवर चालणारा एसी. दुसऱ्या अर्ध्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून थंड पाणी फिरवून खोली गार करायची. माणसे तितकीच, काच तीच, ऊन तेच. दोन वर्षांच्या मोजणीत पाण्याच्या बाजूला एसीची वीज 34 टक्के कमी लागली, आणि बांधणीचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच आला. लहान मालकाने लगेच स्लॅबमध्ये नळ्या टाकाव्यात असे मी म्हणत नाही. त्याला भिंती-काचा आधी सुधारलेल्या लागतात आणि दमट हवेत पाणी सुटू नये म्हणून काटेकोर नियंत्रण लागते. पण ‘ग्रीन म्हणजे महाग’ असे कोणी ठामपणे सांगू लागले की ही इमारत आठवावी.

दिवे, पंखे, मोटारी यांवर फार लिहीत नाही. एलईडी आता सगळेच घेतात. पंप आणि एएचयूला (गार हवा खेळवणाऱ्या यंत्राला) व्हीएफडी, म्हणजे गरजेनुसार मोटारीचा वेग बदलणारे उपकरण, लावून घ्या, कॉमन टॉयलेट आणि पार्किंगला सेन्सर. एएसी ब्लॉक, फ्लाय अॅशचे सिमेंट आपल्या बाजारात सहज मिळते आणि त्याला जादा पैसे लागत नाहीत.

पायरी 4: पाण्याचा हिशेब विजेच्या शेजारी मांडा

पुण्याच्या ज्या भागांत वर्षातले कित्येक महिने टँकर चालतात, तिथे हा भाग वगळून चालत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत ऑफिसमधल्या माणशी दिवसाला 45 लिटर पाणी धरलेले आहे, त्यातले 20 फ्लशसाठी. आपल्या इमारतीत 500 माणसे धरली तर रोज 22,500 लिटर.

कन्सल्टंट वॉटर-कूल्ड चिलर सुचवेल, कारण त्याला वीज कमी लागते. पण कूलिंग टॉवरमधून पाणी उडते: एका टनामागे तासाला साधारण सहा-सात लिटर वाफ होऊन जाते, शिवाय क्षार साठू नयेत म्हणून काही सोडावे लागते. दीडशे टनांचे यंत्र दहा तास पूर्ण भारावर चालले तर दहा-बारा हजार लिटर, म्हणजे रोज एक मोठा टँकर. वाचलेल्या विजेचे पैसे टँकरवाल्याला द्यायचे असतील तर उपयोग काय? म्हणून एसटीपीचे, म्हणजे सांडपाणी प्रकल्पाचे, शुद्ध केलेले पाणी मऊ करून टॉवरला आणि फ्लशला द्या. तसे करता येत नसेल तर एअर-कूल्ड चिलरचाही खरा हिशेब करून बघा, टँकरचा मे महिन्यातला दर धरून.

पायरी 5: जादा खर्चाचा आकडा कसा तपासायचा

सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर ही हैदराबादची इमारत 2003 मध्ये लीड या अमेरिकन हरित रेटिंगमध्ये प्लॅटिनम, म्हणजे सर्वोच्च श्रेणीची, ठरली, अमेरिकेबाहेरची पहिली. आयजीबीसीने, म्हणजे भारतीय हरित इमारत परिषदेने, मांडलेल्या आकड्यांत तिचा जादा खर्च 18 टक्के आणि परतफेड सात वर्षे होती. पुढच्याच वर्षीच्या गुडगावच्या आयटीसी ग्रीन सेंटरला 15 टक्के आणि सहा वर्षे, त्यानंतरच्या विप्रोच्या गुडगाव इमारतीला 8 टक्के आणि पाच वर्षे. सामान आणि अनुभव इथेच मिळू लागल्यावर आकडा असा घसरत गेला. अमेरिकेत डेव्हिस लँगडन या खर्च-सल्लागार संस्थेने 2004 आणि 2007 मध्ये प्रमाणित आणि साध्या इमारतींचे दर शेजारी ठेवले, तेव्हा सरासरीत लक्षणीय फरक सापडला नाही. दोन्ही गटांत स्वस्त इमारतीही होत्या आणि महागही.

तेव्हा कोणी ‘दहा टक्के जादा’ म्हटले की विचारा: कशापेक्षा? पूर्ण काचेच्या इमारतीच्या अंदाजपत्रकावर महाग काच आणि सोलर चढवले तर दहा टक्के होणारच. दोन स्वतंत्र अंदाजपत्रके मागा, एक नेहमीच्या डिझाइनचे आणि एक मुळापासून भार कमी करून केलेले, चिलर-ट्रान्सफॉर्मर-डीजीच्या घटलेल्या किमतींसह. यासाठी सिम्युलेशन, म्हणजे इमारतीच्या वीजवापराचा संगणकावरचा अंदाज, करून घ्यावे लागते. त्याची फी मालकाला जड वाटते, पण एकूण प्रकल्पाच्या मानाने ती किरकोळ असते आणि निर्णय फिरवण्याची ताकद तिच्यातच आहे.

पायरी 6: मालकाचे खरे उत्पन्न मांडा

आपल्या इमारतीत जादा खर्च 1 कोटी 20 लाख धरू आणि वीज 25 टक्के कमी, म्हणजे वर्षाला 2.25 लाख युनिट, 31.5 लाख रुपये. स्वतःच वापरत असाल तर परतफेड चार वर्षांच्या आत आणि प्रश्न मिटला.

भाड्याने देणार असाल तर हे 31.5 लाख भाडेकरूचे. चौरस फुटाला महिन्याला त्याचे सव्वापाच रुपये वाचतात. समजा त्यातले 2 रुपये तुम्ही भाड्यात मागितले आणि सव्वातीन त्याच्याकडे राहिले. तुमचे वर्षाला 12 लाख वाढले. साध्या परतफेडीने दहा वर्षे. इथेच बहुतेक मालक हात आखडता घेतात. पण ऑफिस इमारतीची किंमत तिच्या निव्वळ भाड्यावर ठरते. खरेदीदार 8 टक्के परताव्याने किंमत काढत असेल तर 12 लाखांच्या वाढीव भाड्याने इमारतीची किंमत दीड कोटीने वाढते. घातले 1 कोटी 20 लाख.

त्याहून मोठी गोष्ट रिकाम्या महिन्यांची. आपली इमारत महिन्याला 37.5 लाख भाडे देते. ती तीन महिने आधी भरली तर 1 कोटी 12 लाख लवकर हातात आले, म्हणजे जादा खर्च जवळजवळ तिथेच निघाला. मोठ्या कंपन्यांच्या जागा शोधणाऱ्या टीमकडे आता यादीच असते आणि प्रमाणपत्र नसलेली इमारत पहिल्याच चाळणीत गळते. यामागे कारणे आहेत. परदेशी कंपन्यांची स्वतःची कार्बन उद्दिष्टे आहेत. आपल्याकडे सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर हा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे आणि त्यात विजेचा, पाण्याचा वापर दाखवावा लागतो. ज्या इमारतीत मीटरच नीट नाहीत तिथे राहून हे आकडे देणार कुठून?

वाढीव भाड्याबद्दल मात्र फुगवलेल्या आशा ठेवू नका. आयकोल्ट्झ, कोक आणि क्विगली यांचा 2010 मधला अमेरिकेतल्या ऑफिसांचा अभ्यास या विषयात सगळ्यात जास्त उद्धृत होतो. त्यात हरित इमारतींचे भाडे सुमारे 3 टक्के जास्त निघाले, रिकामी जागा हिशेबात घेतल्यावर फरक 6 टक्क्यांच्या पुढे गेला, आणि विक्रीची किंमत 16 टक्क्यांपर्यंत जास्त. पण हा फरक ऊर्जेच्या प्रत्यक्ष वापरावर मिळणाऱ्या एनर्जी स्टार या अमेरिकी लेबलसाठी स्पष्ट दिसला. लीडच्या प्रमाणपत्रासाठी त्यांना तसा ठोस फरक आढळला नव्हता. अभ्यास अमेरिकेतला आहे, आपले आकडे वेगळे असतील. तरी वापराचे बिल दाखवता येणे याला किंमत आहे, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

कराची बाजू सीएकडून आधीच तपासा. भाडे ‘घर-मालमत्तेचे उत्पन्न’ म्हणून दाखवत असाल तर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, पण चिलर-सोलरचा घसारा मिळत नाही. कंपनीचा धंदाच जागा भाड्याने देण्याचा असेल तर चित्र वेगळे असू शकते.

पायरी 7: रेटिंग आणि एफएसआय

कोणते रेटिंग, हे भाडेकरू कोण येणार त्यावर ठरवा. बहुराष्ट्रीय कंपन्या लीड ओळखतात. आयजीबीसी आपल्याकडे सर्वदूर आहे आणि त्याचे सल्लागार सहज मिळतात. गृह हे रेटिंग टेरी ही संस्था आणि केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे, सरकारी इमारतींत जास्त चालणारे. एज ही जागतिक बँक गटातल्या आयएफसीची पद्धत. वीज, पाणी आणि साहित्यातली ऊर्जा या तिन्हींत 20 टक्के बचत दाखवली की झाले, त्यामुळे लहान इमारतीला सोपी. दोन-तीन पाट्या गोळा करण्यात पैसे घालवू नका.

मुंबई वगळून राज्याच्या बहुतेक भागांना लागू असलेल्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, यूडीसीपीआरमध्ये, मूळ एफएसआयवर (प्लॉटच्या किती पट बांधता येते त्या प्रमाणावर) जादा बांधकामाचे प्रोत्साहन आहे: गृह तीन स्टार किंवा लीड-आयजीबीसीच्या सिल्व्हरला 3 टक्के, चार स्टार किंवा गोल्डला 5, पाच स्टार किंवा प्लॅटिनमला 7. तीन हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर मूळ एफएसआय 1.1 असेल तर गोल्डला 165 चौरस मीटर मिळतात, सुमारे 1,775 चौरस फूट. यावर पूर्ण भाड्याचा नफा मोजायची घाई करू नका. तेवढी जागा तुम्हाला प्रीमियम भरून किंवा टीडीआर (दुसऱ्याकडून विकत घेतलेला बांधकाम हक्क) घेऊनही मिळणार असेल, तर प्रोत्साहनाची किंमत फक्त त्या वाचलेल्या प्रीमियमएवढी. प्लॉटवर जास्तीत जास्त मर्यादा आधीच गाठली असेल, तरच तिचे मोल खरे वाढते. आणि कबूल केलेले रेटिंग भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी मिळाले नाही तर त्या एफएसआयपोटी रेडी रेकनरच्या जमीन दराच्या दुप्पट दंड आहे. म्हणून गोल्ड गाठता येईल असे वाटत असेल तर प्लॅटिनमची घोषणा करू नका. नियम बदलत असतात, तेव्हा प्लॅन टाकण्याआधी ताजे कलम आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

भार 100 किलोवॉट किंवा कॉन्ट्रॅक्ट डिमांड 120 केव्हीए ओलांडणाऱ्या व्यावसायिक इमारती ईसीबीसीच्या कक्षेत येतात. ऊर्जा संवर्धन कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने हीच चौकट पाणी, साहित्य अशा गोष्टींपर्यंत वाढवण्याची वाट मोकळी केली. आज प्रोत्साहनासाठी करता ते उद्या सक्तीने करावे लागेल, हे गृहीत धरून डिझाइन करा.

पायरी 8: भाडेकरारात ही कलमे घाला

खिशांची गाठ सुटते ती इथे. ब्रोकरचा ठोकळेबाज मसुदा जसाच्या तसा सही करू नका.

पहिले कलम मीटरचे. प्रत्येक भाडेकरूच्या एसी, दिवे आणि प्लग यांना वेगळे सबमीटर, आणि आकडे दोघांनाही दर महिन्याला दिसणार. दुसरे, फिट-आउटच्या, म्हणजे भाडेकरू आत करतो त्या कामांच्या, मर्यादा. मालकाने कमी भाराचा चिलर घेतला आणि भाडेकरूने दुप्पट वॅटचे शोभेचे दिवे लावले तर इमारत गार होणारच नाही, आणि दोष चिलरला जाईल. दर चौरस मीटरला दिव्यांचे कमाल वॅट, काचेला फिल्म किंवा रंग लावण्यास मनाई, सर्व्हर रूमचा स्वतंत्र एसी, हे फिट-आउट गाइडमध्ये लिहा आणि ते गाइड कराराला जोडा.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कलम बचतीच्या वाटणीचे. मालक मधल्या काळात नवी यंत्रणा बसवेल, तिचा खर्च मेंटेनन्समध्ये वर्षावार विभागून लावेल, पण एका वर्षात लावलेली रक्कम त्या वर्षी वाचलेल्या बिलाच्या ठरलेल्या हिश्शापुढे जाणार नाही. भाडेकरूचा खर्च वाढत नाही आणि मालकाचे पैसे सुटतात. आपल्याकडच्या करारात सहसा नऊ वर्षांची मुदत, तीन वर्षे लॉक-इन आणि दर तीन वर्षांनी 15 टक्के वाढ असते. भाडेकरू तीन वर्षांनी जाऊ शकतो म्हणून पाच वर्षांच्या परतफेडीचे काम त्याच्याकडून अपेक्षित धरू नका; ते मालकाने करावे आणि येणाऱ्या प्रत्येक भाडेकरूकडून थोडे थोडे वसूल करावे.

चौथे, तापमान. 24 अंश ही नेहमीची पातळी म्हणून लिहून ठेवा. बीईईच्या अंदाजाने एसीचे तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे 6 टक्के वीज वाचते. मेंटेनन्सवर टक्केवारी घेण्याऐवजी ठरावीक व्यवस्थापन शुल्क घ्या, म्हणजे वीज वाचवण्यात तुमचे नुकसान उरत नाही.

पायरी 9: सोलर शेवटी

बहुतेक जण सुरुवातच सोलरपासून करतात. गच्चीवर एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट लागतात आणि वर्षाला साधारण 1,400 युनिट मिळतात. आपल्या गच्चीवर टॉवर, टाक्या, लिफ्ट रूम सोडून चार हजार चौरस फूट उरले तर 40 किलोवॉट, म्हणजे 56,000 युनिट: एकूण वापराच्या सहा टक्के. जरूर बसवा, हिशेबाने ते परवडते. पण काच आणि एसी सुधारून जे 25 टक्के मिळाले त्याची जागा ते घेऊ शकत नाही. शनिवार-रविवारी ऑफिस बंद असताना तयार झालेल्या विजेचे काय होणार, हे नेट मीटरिंगच्या (जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करून घेण्याच्या) चालू नियमांत बघून घ्या. जास्त हवी असेल तर 2022 च्या केंद्रीय नियमांनी ग्रीन ओपन अॅक्सेसची किमान मर्यादा एक मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणली आहे; मध्यम इमारतींनाही बाहेरच्या सोलर प्रकल्पाची वीज घेण्याची वाट त्यामुळे खुली झाली.

जुनी इमारत असेल तर

मुंबईच्या फोर्ट भागातले गोदरेज भवन 1970 च्या दशकातले. तिथे 2010 मध्ये जुनी एसी यंत्रणा बदलणे, दिवे आणि काचा सुधारणे असे काम झाले आणि अपेक्षित परतफेड 4.7 वर्षांची निघाली. जुन्या इमारतीत वेळ साधणे हे अर्धे काम आहे. चिलर मोडीत काढायच्या बेतात असतो, वॉटरप्रूफिंग निघालेले असते, मोठा भाडेकरू जागा सोडतो: या तिन्ही वेळी खर्च होणारच असतो, आणि चांगल्यासाठी लागतो तो फक्त वरचा फरक. चांगला चालणारा चिलर काढून नवा घेतला तर पूर्ण किंमत हिशेबात येते आणि गणित बसत नाही. म्हणून यंत्रांची वये लिहून पुढच्या पाच वर्षांचे वेळापत्रक आत्ताच करा.

पायरी 10: पहिली दोन वर्षे

हँडओव्हरच्या दिवशी सगळे काही चालू दिसते, पण नीट चालते असे नाही. व्हीएफडी शंभर टक्क्यांवर अडकवून ठेवलेला, बाहेरच्या हवेचा डॅम्पर तारेने बांधलेला, सेन्सरवर रंगाऱ्याचा हात फिरलेला. असल्या गोष्टी नव्या इमारतीत हमखास सापडतात. कमिशनिंगसाठी, म्हणजे यंत्रणा नीट चालते का हे तपासण्यासाठी, कंत्राटदाराशी संबंध नसलेला माणूस नेमा, आणि त्याच्याकडून तपासणी दोनदा करून घ्या, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा पावसाळ्यात. कंत्राटदाराची शेवटची पाच टक्के रक्कम दुसऱ्या तपासणीपर्यंत रोखून ठेवा, आणि हे वर्क ऑर्डरमध्येच लिहा.

ऑपरेटरला पगार चांगला द्या. चिलर प्लँटमधला माणूस दर सहा महिन्यांनी बदलला तर दीड कोटीची यंत्रणा हाताने ऑन-ऑफ करूनच चालते. महिन्याच्या पाच तारखेला तीन आकडे तुमच्या फोनवर आले पाहिजेत: गेल्या महिन्याचे युनिट, कमाल मागणी आणि टँकरची संख्या. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, आधीच्या महिन्याशी नको.

बारा महिन्यांची बिले जमली की बीईईच्या स्टार लेबलसाठी अर्ज करता येतो, कारण ते प्रत्यक्ष वापरावर मिळते. ती बिले, सबमीटरची नोंद आणि एसटीपीचे अहवाल एका फायलीत ठेवा. 2019 पासून रीट (भाड्याच्या इमारतींचे मालक असलेले गुंतवणूक ट्रस्ट) शेअर बाजारात आले आहेत आणि माइंडस्पेस रीटने 2023 मध्ये 550 कोटींचे ग्रीन बाँडही काढले. असे खरेदीदार आणि कर्ज देणाऱ्या बँका बैठकीत पहिल्यांदा हीच फाइल मागतात. दोन वर्षांची सलग नोंद असेल तर भाडेनूतनीकरणाच्या वेळी तीच भाडेकरूसमोर ठेवा आणि वाचलेल्या रुपयांतला तुमचा हिस्सा मागा.